टॅब हवा की टॅबमधलं?

सकाळी साडेनऊ

कराडच्या एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं मोबाईल-टॅब दुरुस्तीचं दुकान. शटर वर केलं, देवाला उदबत्ती लावली की पहिलं काम चार्जिंगचं. लॉक पडलेला टॅब गिऱ्हाईक लगेच आणत नाही. आधी घरचे प्रयत्न करतात, मग भाचा किंवा शेजारचा मुलगा बघतो, मग टॅब कपाटात जातो आणि कधीतरी आठवण झाली की पिशवीत घालून इथे येतो. तोवर बॅटरी पार बसलेली असते. अशा बॅटरीवर कामाला हात घालायचा नाही, हा दुकानाचा नियम. रीसेट अर्ध्यावर असताना टॅब बंद पडला तर साधं काम नसतं लचांड होऊन बसतं.

पावतीपुस्तक मी मुद्दाम वेगळं छापून घेतलंय. नाव, मॉडेल, सिरीयल नंबर, बिल किंवा बॉक्स आहे का, आणि त्याखाली दोन चौकोन: ‘टॅब हवा’ आणि ‘टॅबमधलं हवं’. एकावर खूण करा म्हटलं की बहुतेक गिऱ्हाईक म्हणतं, “दोन्ही.” मग त्यांना स्टुलावर बसवावं लागतं. दोन्ही मिळायचा रस्ता एकच आहे आणि तो म्हणजे खरा पासकोड. दुसऱ्या कुठल्याही रस्त्याने गेलं तर टॅब मिळतो, आतलं जातं.

पूर्वी असं नव्हतं. अँड्रॉइड ४.४ पर्यंत पॅटर्न पाचदा चुकला की खाली ‘पॅटर्न विसरलात?’ असं यायचं. जीमेलचा आयडी-पासवर्ड टाकला की टॅब उघडायचा, सगळं जिथल्या तिथे. लोकांच्या डोक्यात अजून तोच काळ बसलाय. आता टॅबमधला प्रत्येक फोटो, प्रत्येक फाईल सांकेतिक रूपात साठवलेली असते. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या अँड्रॉइड टॅबला हे सक्तीचं आहे. आयपॅडमध्ये त्याच्याही आधीपासून आहे. ते सांकेतिक रूप उलगडणारी किल्ली तुमचा पासकोड आणि त्या टॅबच्या चिपमध्ये कोरलेला गुप्त क्रमांक, या दोन्हींतून तयार होते. म्हणून चिप काढून दुसऱ्या यंत्रावर लावली तरी हाती काही लागत नाही. अंदाज करायचा तो त्याच टॅबवर, त्याच काचेवर. रीसेट मारला की ती किल्लीच नष्ट होते. मग फाईली परत आणणारं सॉफ्टवेअर कितीही महागाचं घ्या, त्याला सापडतो तो निव्वळ कचरा.

हे मी दिवसातून कितीतरी वेळा सांगतो आणि प्रत्येक वेळी पूर्ण सांगतो. ‘करून देतो, ठेवून जा’ म्हणत टॅब घ्यायचा, संध्याकाळी कोरा करून हातात द्यायचा आणि पैसे घ्यायचे, असं काम मी बघितलंय. बाळाच्या पहिल्या वर्षाचे फोटो गेलेली आई त्यानंतर माझ्याकडे आली होती. तिच्यासाठी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

सकाळी दहा

मलकापूरहून एक ताई आल्या. बँकेत नोकरी, ड्युटीची घाई. आयपॅडवर ‘उपलब्ध नाही’ असं आलेलं. चार वर्षांच्या मुलाने आकडे दाबून दाबून ही वेळ आणलेली.

लहान मुलांच्या हातून हे फार होतं. चूक झाली की आयपॅड आधी एक मिनिट थांबवतो, मग पाच, मग पंधरा, मग तास, आणि शेवटी कायमचं दार लावतो. अमेरिकेतले पत्रकार इव्हान ऑस्नोस यांच्या तीन वर्षांच्या मुलाने एप्रिल २०१९ मध्ये असाच उद्योग केला, तेव्हा पडद्यावर आलं: २,५५,३६,४४२ मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा. हिशोब केला तर ४८ वर्षांहून जास्त. त्यांनाही शेवटी रीसेटच करावा लागला.

ताईंना मी विचारलं, “ॲपल आयडी आणि पासवर्ड पाठ आहे?” होता. “बॅकअप?” ते माहीत नव्हतं. त्यांच्याच आयफोनमध्ये आयक्लाऊडची बॅकअपची यादी उघडली. त्यात आयपॅडचं नाव, तारीख चार दिवसांपूर्वीची. चौकोनावरची खूण निर्धास्तपणे ‘टॅब हवा’वर गेली, कारण आतलं बाहेर सुखरूप होतं.

आयपॅडओएस १५.२ पासून लॉक झालेल्या पडद्यावरच ‘आयपॅड पुसा’ असा पर्याय येतो. पण त्याला नेट लागतं आणि हा आयपॅड फक्त त्यांच्या घरच्या वायफायला ओळखत होता. म्हणून संगणकाचा रस्ता. होम बटणाचं मॉडेल: आयपॅड बंद करायचा, होम बटण दाबून धरायचं आणि धरलेलं असतानाच केबल लावायची. सफरचंद दिसलं की लोक बोट उचलतात, तिथेच गाडी अडते. केबल आणि संगणकाचं चित्र येईपर्यंत बोट हलवायचं नाही. आणखी एक अडचण म्हणजे संगणकावर आयपॅडच्या आवृत्तीच्या फाईली डाऊनलोड व्हायला पंधरा मिनिटांहून जास्त लागली तर आयपॅड या रिकव्हरी अवस्थेतून आपोआप बाहेर पडतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. आमच्याकडच्या नेटवर दिवसा ते हमखास होतं, म्हणून त्या फाईली मी रात्रीच उतरवून ठेवतो.

“संध्याकाळी सातला या,” म्हटलं. ताई बँकेत गेल्या, आयपॅड कामाला लागला.

साडेअकरा

काकू आल्या तेव्हा गर्दी नव्हती, बरं झालं. हातात कापडी पिशवी, पिशवीत टॅब आणि त्याखाली प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मृत्यू दाखला. कोणीतरी त्यांना लागेल म्हणून सांगितलं असावं. मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. पावसाळ्यात गेले. टॅब त्यांचा, पिन त्यांनाच माहीत.

मी दोन चौकोन दाखवले. काकूंनी विचारही केला नाही. “टॅब तुम्हीच ठेवून घ्या हवं तर. त्यात त्यांचा आवाज आहे.” नात ठाण्याला असते. तिच्यासाठी ते दर रविवारी एक गोष्ट सांगून टॅबवर रेकॉर्ड करायचे आणि सुट्टीत ती आली की दोघं बसून ऐकायची.

अशा कामात मी आकड्यांना लगेच हात लावत नाही. आधी कागद. कारण प्रत्येक चूक महाग असते: अँड्रॉइडवर साधारण पाच चुकांनंतर तीस सेकंद थांबवतात आणि चुका वाढतील तशी ती वेळ वाढत जाते. काही टॅबमध्ये ठरावीक चुकांनंतर सगळं पुसून टाकायची सोयही चालू करून ठेवलेली असते. चार आकड्यांचे दहा हजार पिन होतात, सहा आकड्यांचे दहा लाख. पॅटर्न असला तर नऊ ठिपक्यांतून ३,८९,११२. मनाला येईल ते दाबत बसून त्यात निभाव लागत नाही.

“किती वेळा चुकलंय आत्तापर्यंत?” मुलगा पुण्याहून आला होता, त्याने बरेच प्रयत्न केले होते. म्हणजे सावध राहायला हवं.

मग काच. टॅब बंद ठेवून टेबल-लॅम्पखाली तिरका धरला की बोटांचे तेलकट डाग दिसतात, आणि नेहमी एकाच जागी बोट पडत असेल तर ती जागा उठून दिसते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये याच डागांवरून पॅटर्न ओळखता येतो हे दाखवून दिलं होतं. पण ही काच लख्ख होती. काकू म्हणाल्या, “रोज पुसते मी. त्यांचं आहे ना.”

कागदावर यादी झाली. त्यांची जन्मतारीख, लग्नाचं साल, मुलीचा वाढदिवस, जुन्या लँडलाईनचे शेवटचे चार आकडे, स्कूटरचा नंबर. यातलं मुलाने काय काय टाकून बघितलं ते फोनवर विचारून खोडलं. उरलेलं मधे थांबत थांबत टाकलं. एकही लागला नाही.

थांबलो तेवढ्यात दुसरी वाट तपासली. टॅबवर त्यांचा गुगल आयडी असणार, फोटो तिथे चढलेले असू शकतात. तो आयडी परत मिळवायला ओटीपी लागतो आणि ओटीपीला त्यांचा नंबर. कितीतरी घरांत माणूस गेल्यावर नंबरचा रिचार्ज पहिल्यांदा बंद होतो, आणि बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. काकूंनी तो चालू ठेवला होता. गॅस बुकिंग त्याच नंबरवर होतं म्हणून. मी सांगितलं की हे काम दुकानात नको. घरी, घरच्याच वायफायवर, सर जो फोन वापरायचे त्याच फोनवरून करा. ओळखीची जागा आणि ओळखीचं उपकरण दिसलं तर गुगलकडून आयडी परत मिळण्याची शक्यता वाढते.

पण फोटो आले तरी रेकॉर्डिंग येईलच असं नाही. ती टॅबच्या आतच राहिलेली असतात. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, जो खरं तर आधी विचारायला हवा असतो पण घरच्यांना तो नेहमीच फालतू वाटतो: “या टॅबवर लहान कोण बसायचं?”

“नात. पण तिला काय माहीत असणार? नऊ वर्षांची आहे. आणि ती एकला शाळेतून येते.”

“मग आपण एकनंतर फोन करू.”

दीड

डबा बाजूला ठेवला. व्हिडिओ कॉल लागला. नात जेवता जेवताच बोलत होती. पिन विचारला तर म्हणाली, माहीत नाही, आबा सांगायचे नाहीत. काकूंचा चेहरा उतरला. मी टॅबचा कीपॅड फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरला आणि विचारलं, “आबा दाबायचे तेव्हा तू कुठे बसायचीस?”

“बाजूला.”

“मग बोट कसं जायचं? आकडे नकोत, नुसतं बोट दाखव.”

तिने वरणाचा हात फ्रॉकला पुसला आणि हवेत बोट फिरवलं. वरच्या कोपऱ्यातून तिरकं खालच्या कोपऱ्यात, तिथून आडवं दुसऱ्या टोकाला, मग थोडंसं वर. पुन्हा करायला सांगितलं, पुन्हा तेच. कॅमेऱ्यात उजवं-डावं उलटं तर दिसत नाही ना, म्हणून विचारलं, “तिरकं जाताना खिडकीकडून दाराकडे की दाराकडून खिडकीकडे?” तिने स्वतःच्या घरातल्या खिडकीकडे बघून सांगितलं.

कीपॅडवर बोट ठेवून मी ती रेघ फिरवली आणि कागदावर आकडे लिहिले: १, ९, ७, ४.

काकू कागदाकडे बघत राहिल्या. “चौऱ्याहत्तर साली नोकरीला लागले. पाटण तालुक्यात, वाडीवरची शाळा. तिथून सुरू झालं सगळं.” लग्न नंतरचं. घरातल्या कुठल्याच तारखेत ते साल बसत नव्हतं, म्हणून कुणाला सुचलंही नव्हतं.

पडद्यावरची थांबायची वेळ संपू दिली. आकडे काकूंनीच टाकले. उघडला.

अशा वेळी लोक लगेच फोटो बघायला लागतात, मी मात्र आधी केबल लावतो. टॅब उघडा आहे तोवर सगळं पेनड्राईव्हवर घ्यायचं, मग घरच्या संगणकासाठी दुसरी प्रत. रेकॉर्डिंगच्या फोल्डरला सरांनी ‘गोष्टी’ असं नाव दिलं होतं आणि प्रत्येक फाईलला तारीख. कॉपी होत असताना मी एकही उघडली नाही. ती आम्ही ऐकायची नाहीत. प्रती झाल्यावर काकूंनी स्वतःच्या मनाचा नवा पिन ठेवला. तो रेशनकार्डाच्या, पासबुकाच्या पिशवीत एका पाकिटात लिहून ठेवा आणि मुलीलाही सांगून ठेवा, असं मी आग्रहाने सांगितलं. पिन दुसऱ्याला सांगू नये हे आपल्याला इतकं शिकवलंय की घरातल्या एकालाही तो माहीत नसतो. घरात एक तरी माणूस जाणता हवाच, हे माझं मत पक्कं आहे. आयफोन-आयपॅडवाल्यांसाठी २०२१ पासून वारसदार संपर्क नेमायची सोय आहे: त्या माणसाकडे एक किल्ली राहते आणि मृत्यू दाखला जोडून तो खात्यातलं मागू शकतो. गुगलमध्येही आपलं खातं बरेच महिने वापरात नसेल तर ते कुणाला कळवायचं हे आधी ठरवून ठेवता येतं. दहा मिनिटांचं काम. साठी ओलांडलेलं गिऱ्हाईक आलं की मी ते विचारून तिथेच करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

दुपारी तीन

नीटची तयारी करणारी मुलगी, सोबत घाबरलेला भाऊ. टॅब योजनेतून मिळालेला. महाज्योतीसारख्या संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त समाजातल्या मुलांना प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी टॅब देतात. असे टॅब आमच्याकडे येतात. टॅब हँग होतो म्हणून भावाने कुठेतरी बघून पावर आणि व्हॉल्यूम बटणं दाबून रीसेट मारला. आता टॅब जुना जीमेल विचारत होता आणि तिला पासवर्ड आठवत नव्हता. रात्रभर झोपली नसावी.

अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, हा पहारा आहे. आम्ही त्याला एफआरपी म्हणतो. चोराने टॅब कोरा केला तरी जुन्या मालकाचं खातं दिल्याशिवाय तो सुरू होत नाही. पण नव्या आवृत्त्यांत तिथेच दुसरा पर्याय असतो: जीमेल नसेल तर रीसेटच्या आधीचा पिन द्या. “पिन आठवतो?” तो तर तिला पाठच होता, रोजचा. टाकला, टॅब सुरू झाला. मुलीच्या नोट्स वहीत होत्या, व्हिडिओ ॲपमध्ये परत येणार होते. पैसे घेतले नाहीत. पासवर्ड नवीन करून घ्यायला सांगितला, पण पासवर्ड बदलल्यावर चोवीस तास तरी टॅब पुन्हा रीसेट करू नका, हेही सांगितलं. नवा पासवर्ड तेवढा वेळ तिथे चालत नाही आणि मुलं घाबरून पुन्हा पुन्हा रीसेट मारत बसतात.

चार

जवळच्या गावातले मुख्याध्यापक सर खोकं घेऊन आले. देणगीतून मिळालेले टॅब. ज्या शिक्षकांनी ते चालू केले त्यांची बदली झाली, आणि आता प्रत्येक टॅब सुरू होताच ‘हे उपकरण संस्थेच्या ताब्यात आहे’ असं सांगून पासवर्ड मागतो. सरांना कुणीतरी सांगितलं होतं, सगळे फॉरमॅट मारून घ्या.

इथे फॉरमॅट मारून काही होत नाही. असे टॅब खरेदीच्या वेळीच सिरीयल नंबरासकट एका नियंत्रण खात्याला जोडलेले असतात. कोरा केला की टॅब नेटला लागताच त्या खात्याला विचारतो आणि पुन्हा तसाच बांधला जातो. मुलांनी टॅबवर भलतंच काही टाकू नये म्हणून ही व्यवस्था असते, आणि ती चांगली आहे. चूक एवढीच की शाळेच्या कामाचं खातं एका माणसाच्या खासगी ईमेलवर काढलं. माणूस गेला, खातं गेलं.

आम्ही दोघांनी बसून प्रत्येक टॅबच्या पाठीवरचा सिरीयल नंबर उतरवून घेतला. काही स्टिकर घासले गेले होते, ते भिंगातून वाचले. शाळेच्या लेटरहेडवर पत्राचा मसुदा करून दिला: देणगीपत्राची प्रत, नंबरांची यादी, आणि पुरवठादाराला विनंती की नियंत्रण खातं शाळेच्या अधिकृत ईमेलवर फिरवावं. बदली झालेल्या गुरुजींनाही सरांनी तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, पासवर्ड जुन्या डायरीत असेल, घरी गेल्यावर बघतो. खोकं मी ठेवून घेतलं नाही. ते शाळेत राहिलेलं बरं, नाहीतर ते इथे पडून राहतं आणि शाळेला वाटतं काम चालू आहे.

साडेपाच

उंब्रजकडचा एक गाडीचालक दादा. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली म्हणून तिला आयपॅड घेतला, हायवेवर चहाच्या टपरीवर ओळख झालेल्या माणसाकडून, चौदा हजारांना. बिल नाही, बॉक्स नाही. चालू केला तर ‘मालकाच्या नावावर लॉक’ आणि एक अर्धवट झाकलेला ईमेल.

“तुम्ही म्हणाल ते देतो. मुलीसमोर मान खाली गेलीय माझी.”

माणूस चोर नव्हता, हे त्याच्याकडे बघूनच कळत होतं. पण काम होणार नव्हतं आणि होत असतं तरी मी केलं नसतं. २०१३ मध्ये आयओएस ७ पासून ॲपलने ॲक्टिव्हेशन लॉक आणलं. आयपॅड कितीही वेळा कोरा करा, ॲपलच्या सर्व्हरवर तो पहिल्या मालकाच्या आयडीला बांधलेलाच राहतो. मालकाने स्वतः काढला, किंवा मूळ खरेदीचा पुरावा देऊन ॲपलकडून काढून घेतला, तरच निघतो. जुन्या मॉडेलवर आडवाटा काढणारे आहेत. मला त्यांचे फोन येतात, कमिशन सांगतात. त्या वाटेने उघडलेला आयपॅड कुणाचा तरी हरवलेलाच असतो, आणि तो विकायला मी हातभार लावला असं होतं.

“विकणाऱ्याला फोन लावा. खरा मालक असेल तर तो लांबूनही आपल्या खात्यातून हा काढू शकतो.” फोन बंद.

मी आयपॅड दुकानाच्या वायफायला जोडला. पडदा बदलला. इंग्रजीत तीन ओळी आल्या: आयपॅड हरवला आहे, सापडल्यास कृपया या नंबरवर कळवा. खाली नंबर.

दादांना इंग्रजी वाचता येत होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी सांगितलं की आता ही गोष्ट आपल्याला कळली आहे. चोरीचा माल आहे हे कळूनही तो जवळ ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि कळलं नव्हतं तोवरचा तुमचा दोष नव्हता. त्यांनी आयपॅड गुंडाळून घेतला आणि विचार करतो म्हणून गेले. मी अडवलं नाही. अडवायचा मला अधिकारही नव्हता. सिरीयल नंबर आणि तो फोन नंबर मात्र पावतीवर लिहिला होता, आणि त्यांच्यासमोरच लिहिला होता.

जुना टॅब घेणाऱ्याला मी एवढंच सांगतो: पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याचा आयडी काढायला लावा, टॅब रीसेट करून पहिल्या पानापासून सुरू करून दाखवायला लावा. सिमचा टॅब असेल तर त्याचा आयएमईआय नंबर घ्या. केवायएम, मग जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की तो काळ्या यादीत आहे का ते कळतं. नुसत्या वायफायच्या टॅबला आयएमईआय नसतो, तिथे ही सोय नाही. म्हणून तिथे बिलाशिवाय व्यवहार नको.

सात

बँकेच्या ताई आल्या. आयपॅडवर त्यांनी आपला आयडी टाकला, बॅकअप निवडला. ॲप हळूहळू परत यायला लागली. बाकी घरच्या वायफायवर रात्रभरात येतील. पोराला हातात देताना एकाच ॲपमध्ये अडकवून ठेवायची सोय असते, ती लावून दिली.

साडेआठ

शटर अर्धं खाली घेऊन हिशेब करत होतो. आज कुणी लिहून दिलेले पिन, पासवर्ड असे कागद काऊंटरखालच्या डब्यात जमतात. काम झालेल्या गिऱ्हाइकासमोरच ते फाडतो, पण दोन-चार राहून जातात, ते रात्री फाडायचे. पावतीपुस्तकात उद्याची नोंद: शाळेचं पत्र, पुरवठादाराचा ईमेल.

तेवढ्यात दादांचा फोन. त्यांनी त्या नंबरवर स्वतःच फोन केला होता. पुण्यात शिकणारी एक मुलगी, प्रवासात तिची बॅग गेली होती, तिने तक्रारही दिली होती. आयपॅड द्यायला ते तयार होते. भीती वेगळीच होती. “पोलीस मलाच धरून बसणार नाहीत ना?”

मी विचारलं, “पैसे कसे दिले होते?”

“पाच रोख. बाकी फोनवरून.”

म्हणजे नऊ हजार यूपीआयने. तिथे विकणाऱ्याचं नाव आहे, बँक आहे, व्यवहाराचा क्रमांक आहे, तारीख आहे. त्या माणसापर्यंत पोचायला पोलिसांना याहून चांगला धागा मिळणार नाही, आणि आपण पैसे मोजून घेतला हे दादांना दाखवायलाही तोच कागद. मी त्यांना त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट पाठवायला सांगितला, आणि त्या माणसाशी झालेलं चॅट असेल तर ते पुसू नका म्हटलं.

दुकानाच्या लेटरहेडवर पत्र टाईप केलं: अमुक सिरीयल नंबरचा आयपॅड अमुक तारखेला सदर गृहस्थांनी दुरुस्तीसाठी स्वतःहून आणला, हरवल्याचा संदेश दुकानात त्यांच्यासमोर दिसला, त्यानंतर त्यांनी स्वतः मूळ मालकाशी संपर्क केला. खाली सही-शिक्का. दोन प्रती काढल्या. उद्या साडेदहाला शहर पोलीस ठाण्याच्या फाटकापाशी भेटायचं ठरलं. दुकान तेवढा वेळ मुलगा बघेल.

निघताना प्रिंटरमध्ये उद्यासाठी कागद भरला आणि आयपॅडच्या नव्या आवृत्तीची फाईल डाऊनलोडला लावली.